पहिला महिना : रिपोर्ट निगेटिव्ह असतो तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं?

जुना_लॅबवाला (कोल्हापूर) | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. ३२ वर्षं रक्त तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, गेल्या महिन्यात कारण घडलं.

ओळखीचा एक मुलगा घरी आला. (त्याला विचारून लिहितोय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) हातात दोन कागद. नव्या कागदावर एचआयव्ही पॉझिटिव्ह. दुसरा आठ महिन्यांपूर्वीचा, त्यावर 'नॉन-रिअॅक्टिव्ह'. "काका, तवा निगेटिव्ह होतो न्हवं? त्यानंतर मी कुठंच गेलो नाही. मग हे आलं कुठनं?"

मी तारखा विचारल्या. संबंध आला त्यानंतर १५ दिवसांनी ताप भरला, १०२-१०३. घसा असा धरला की थुंकी गिळवेना. गालाच्या आतून फोड, घरात तांबडा रस्सा केला तर हा नुसत्या दहीभातावर. छातीवर आणि पाठीवर लालसर पुरळ, पण खाज नाही. गणपतीचे दिवस, गल्लोगल्ली डेंग्यू. याची डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट थोड्या उतरलेल्या. व्हायरल म्हणून गोळ्या मिळाल्या. मनात पाल चुकचुकत होती म्हणून तापाच्या चौथ्या दिवशी तो स्वतःच एका खासगी लॅबमध्ये जाऊन एचआयव्ही तपासून आला. निगेटिव्ह. शंका कधीची आहे हे तिथं कुणी विचारलं नाही. परत कधी यायचं हेही कुणी सांगितलं नाही. आठवड्यात ताप गेला आणि पोरगं मोकळं झालं. आठ महिने.

त्या कागदात खोटं काही नव्हतं. रॅपिड किटच्या पट्टीवर सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाचा, थेंब टाकतात, मग बफर. किट नीट चालतंय हे सांगणारी कंट्रोलची रेष उमटते. तपासणीच्या रेषेची जागा पांढरीच राहिली की निगेटिव्ह. ती पांढरी जागा मी हजारो वेळा पाहिली आहे. पण त्या दिवशी त्याच्या रक्ताच्या एकेका मिलिलिटरमध्ये विषाणू लाखांनी असणार. किट शोधत होतं अँटिबॉडी, म्हणजे शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ते प्रथिन, आणि ती अजून तयार व्हायची होती.

त्या तीन आठवड्यांत आत काय झालं, ते आता सांगतो.

विषाणू नाजूक अस्तरातून आत शिरतो. शरीर धोक्याचे रासायनिक निरोप सोडतं, ते ऐकून सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बाकी फौजेला हुकूम देणाऱ्या टी-पेशी, तिथं धावून येतात. इथंच पहिली गडबड आहे, कारण विषाणूला वाढायला नेमक्या याच पेशी लागतात. तिथल्या पहारेकरी पेशी, म्हणजे डेंड्रायटिक पेशी, त्याला उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत, आपण अवधाण म्हणतो तिथल्या गाठीत, नेतात. त्यांचं रोजचं कामच ते आहे, परकं काही सापडलं की गाठीत नेऊन टी-पेशींना दाखवायचं. पण सीडी४ पेशींची खरी गर्दी त्या गाठीतच असते. म्हणजे त्याला त्याच्या खाद्यापर्यंत आपणच पोचवतो.

साधारण पहिले १० दिवस रक्तात काहीच सापडत नाही. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधणारी नॅट चाचणीसुद्धा रिकामी येते. मग तो गाठींतून रक्तात सांडतो. आधी आरएनए दिसतो, काही दिवसांनी पी२४ हे त्याच्या गाभ्यातलं प्रथिन, आणि अँटिबॉडी त्याच्याही नंतर. २००३ मध्ये फीबिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्रमावरून सुरुवातीच्या काळाचे सहा टप्पे पाडले. माझा अंदाज, हा मुलगा त्या दिवशी दुसऱ्या टप्प्यात होता. पी२४ तपासलं असतं तर बहुतेक सापडला असता.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विषाणूचं शिखर येतं. मिलिलिटरमागे १० लाख, कधी त्याच्याही कितीतरी पट. अंगात ताप असतो तोही याच सुमाराला. आणि तो ताप विषाणू आणत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती पूर्ण जोरानं उठलेली असते, त्याचा तो ताप. 'एचआयव्हीत प्रतिकारशक्ती हळूहळू मरते' असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. पहिल्या महिन्यात ती इतकी जागी असते की त्या जागेपणातच तिचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. हे लोकांपर्यंत पोचलेलंच नाही, म्हणून हा धागा.

मिरजकर_तिकटी | रविवार, दुपारी १२:०५

काका, लई महत्त्वाचं लिहिलंय. एक शंका. सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या महिन्यात होत असेल, तर पुढं सात-आठ वर्षं माणूस ठणठणीत कसा राहतो? आमच्या ओळखीत एक ड्रायव्हर होते, त्यांना कित्येक वर्षं काही झालं नव्हतं.

पेट्री (सूक्ष्मजीवशास्त्र, शिवाजी विद्यापीठ) | रविवार, दुपारी ३:४८

मिरजकर, याचं उत्तर रक्तात नाही, आतड्यात आहे.

आपण सीडी४ मोजतो ते रक्तातल्या. निरोगी माणसात घनमिलिमीटरला साधारण ५०० ते १५००. पण शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी (सीडी४ ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) रक्तात असतात अगदी थोड्या. फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तराखाली असतो, कारण रोजच्या अन्नाबरोबर बाहेरचं जग तिथंच आत येतं. तिथल्या सीडी४ पेशी बहुतेक अनुभवी, कायम सज्ज असलेल्या. त्यांच्या अंगावर सीसीआर५ नावाची खूण ठळक असते. विषाणूला पेशीत शिरायला दोन कड्या लागतात, सीडी४ आणि बहुतेक वेळा सीसीआर५. रक्तातल्या पुष्कळशा सीडी४ पेशींवर ही दुसरी कडी नसते. आतड्यातल्यांवर असते.

म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आतडं रिकामं होतं. हे आधी माकडांत दिसलं, १९९८ साली, एसआयव्ही या त्यांच्या विषाणूत. २००४ मध्ये माणसांच्या आतड्याच्या तुकड्यांतही तेच सापडलं. याच काळात रक्तातल्या सीडी४ उतरतात आणि बऱ्याचशा परत वर येतात. रिपोर्ट पाहून वाटतं सुधारलं. आतडं मात्र सुधारलेलं नसतं.

त्या पेशींत टीएच१७ नावाचा एक गट असतो. आतड्याची भिंत धड ठेवणं आणि जिवाणूंना आत न येऊ देणं हे त्यांचं काम. त्या गेल्या की भिंत पाझरते, जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात येत राहतात. २००६ मध्ये हे रक्तात मोजून दाखवलं गेलं. संसर्ग जुना झाला तरी प्रतिकारशक्ती शांत बसत नाही, त्याचं एक मोठं कारण हा पाझर. तुमचे ड्रायव्हर वरून ठणठणीत होते, पण आतून त्यांची यंत्रणा वर्षानुवर्षं विनाविश्रांती चालत होती. दमत दमत सीडी४ खाली येतात त्या अशा.

पेशी मरतात कशा, हे तर मला आजही अस्वस्थ करतं. टॉन्सिल आणि प्लीहेच्या ऊतींवर प्रयोग झाले. २०१४ मध्ये समोर आलं की मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी बहुतेकींत विषाणू नीट वाढलेलाच नसतो. तो शिरतो, त्याच्या डीएनएची जुळणी अर्ध्यात अडकते. हे अर्धवट तुकडे पेशीच्या आतल्या संवेदकाला सापडतात आणि पेशी स्वतःला फोडून घेते. याला पायरोप्टोसिस म्हणतात. फुटताना ती दाह पेटवणारी रसायनं बाहेर टाकते, ती आणखी सीडी४ पेशींना बोलावतात, आणि त्यांचंही तेच होतं.

लॅबवाल्या दादांनी तापाबद्दल लिहिलं त्यात भर. या काळात प्रतिकारशक्तीची निरोपाची रसायनं उसळतात, आयएल-१५ आणि इंटरफेरॉन-अल्फा आधी, मग टीएनएफ, आयएल-१८, आयएल-१०. कावीळ ब च्या सुरुवातीला असा उसळा जवळपास येत नाही. कावीळ क मध्ये येतो तो उशिरा आणि कमी. आणि कावीळ ब बहुतेक प्रौढांचं शरीर स्वतःच साफ करतं. म्हणजे जोर जास्त लावला की काम फत्ते होतं असं इथं नाही.

प्रयाग_चिखली | रविवार, सायंकाळी ७:३०

मला पेशीबिशी कळत नाहीत, पण आमच्या पुरासारखं वाटलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, सगळी माणसं त्या आकड्याकडं बघत बसतात. पण नदी पात्राबाहेर पडायच्या आधी ओढ्यातनं मागं पाणी चढतं आणि खालची शेतं बुडालेली असतात. २०१९ ला तेच झालं. आकडा उतरला म्हणून घरी आलो तर भिंतीत ओल, जमिनीवर गाळ. बरोबर समजलोय का?

जुना_लॅबवाला | रविवार, रात्री ९:१५

बरोबर समजलाय, चिखलीकर. एवढ्या सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं. एकच फरक. नदीचं पाणी आपोआप उतरतं. इथं ते उतरवावं लागतं, आणि उतरवतात त्या सीडी८ पेशी.

या पेशी संसर्ग झालेली पेशी ओळखून तिलाच मारतात. शिखराच्या थोडं आधी त्या मोठ्या संख्येनं तयार होतात आणि त्यांच्यामुळं विषाणू दहा-शंभरपट खाली येतो, कधी जास्तही. सीडी४ घटलेल्या आणि सीडी८ वाढलेल्या, म्हणून एरवी सीडी४ जास्त असणारं प्रमाण या काळात उलटं होतं. पण विषाणू प्रत्येक वाढीत चुका करत जातो. ज्या चुकीमुळं तो सीडी८ च्या ओळखीतून निसटतो, ती काही आठवड्यांतच टिकून पुढं येते. शेवटी काही महिन्यांत पाणी एका पातळीला थांबतं. ती पातळी म्हणजे सेट पॉइंट. कुणात काही हजार, कुणात लाखावर. तो जितका वर, तितका आजार पुढं लवकर, हे १९९६ पासून माहीत आहे. एचएलए-बी५७ किंवा बी२७ हा जनुकांचा वारसा असलेल्यांत तो बऱ्याचदा खाली राहतो.

आणि अँटिबॉडी. सगळे जिची वाट बघतात ती. विषाणू रक्तात दिसू लागल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पहिली अँटिबॉडी येते, जीपी४१ या प्रथिनाविरुद्ध. तिच्यामुळं आमची रेष उमटते, पण ती विषाणूला अडवू शकत नाही. अडवणारी यायला आणखी कित्येक आठवडे लागतात, तोवर विषाणू बदललेला असतो. नव्यानं कामाला लागलेल्या मुलांना मी हे दरवेळी सांगत आलो. रेष उमटली म्हणजे शरीर जिंकायला लागलं असा अर्थ नाही. शरीरानं त्याला पाहिलं, एवढाच.

गडहिंग्लज_ओपीडी | सोमवार, दुपारी २:४०

जनरल प्रॅक्टिस करतो. धागा वाचून आधी वाईट वाटलं, मग मागचे पेशंट आठवत बसलो. माझ्याकडूनही असे निसटले असणार.

आमची बाजूही सांगतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर ओपीडीत उभं राहायला जागा नसते. ताप, अंगदुखी, पुरळ, पांढऱ्या पेशी कमी, हे डेंग्यूत असतं, चिकुनगुन्यात असतं, साध्या व्हायरलमध्येही असतं. या गर्दीत सुरुवातीचा एचआयव्ही अगदी विरळा. त्यामुळं हा धागा वाचून प्रत्येक तापाला कुणी एचआयव्ही समजू नये, ही कळकळीची विनंती. उलट, सुरुवातीला कित्येकांना काही लक्षणच होत नाही किंवा लक्षातही राहत नाही.

तरी काही गोष्टी डोळ्यांत भरायला हव्यात. तोंडातले फोड. पू नसलेला पण खूप दुखणारा घसा. मान, काख, जांघ अशा दोन-तीन ठिकाणी एकदम गाठी. आठवडा उलटला तरी न हटणारा ताप. असं असेल तर पेशंटला पडद्याआड घेऊन, बरोबरच्या नातेवाइकाला बाहेर बसवून एक प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. हा आजार काही आज कळलेला नाही. सिडनीच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. आणि आपल्या पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्या लोकांत, अँटिबॉडी निगेटिव्ह पण पी२४ पॉझिटिव्ह असलेली माणसं शोधून त्यांची लक्षणं नोंदवली गेली. तो अभ्यास १९९७ मध्ये जामा या अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुणे इथून काही तासांवर आहे. आम्हाला कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही.

आजऱ्याची_लेक | सोमवार, रात्री ८:१०

मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे, कुठल्या ते सांगत नाही.

जुना_लॅबवाला काका, त्या मुलाच्या बाबतीत चुकलं ते तपासणीच्या आधीच. रक्त घेण्याआधी बोलायचं असतं, आणि त्यातला पहिला कामाचा प्रश्न तारखेचा. धोका नुकताच घडला असेल तर निगेटिव्ह रिपोर्ट देतानाच पुढची तारीख लिहून द्यायची. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय तपासणी नाही आणि परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही. लोकांना एवढं तरी माहीत असावं, म्हणजे भीतीपोटी नाव बदलून कुठंतरी तपासून यायची वेळ येणार नाही.

आणि पहिल्या महिन्यात रक्तात विषाणू सगळ्यात जास्त, म्हणून दुसऱ्याला लागायची शक्यताही तेव्हाच खूप. माणसाच्या हातात निगेटिव्हचा कागद असतो, तो घरी जातो, बायको असते. आमच्या टेबलासमोर ही जोडपी बसतात, तेव्हा काय वाटतं ते लिहून सांगता येत नाही.

मिरजकर_तिकटी | सोमवार, रात्री १०:३३

मग हे पहिल्या आठवड्यातच सापडलं आणि लगेच औषध चालू केलं, तर पूर्ण बरं होतं का?

पेट्री | मंगळवार, सकाळी ९:०२

नाही. विषाणू काही दिवसांतच अशा सीडी४ पेशींत लपतो ज्या झोपलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं जगतात. २०१४ च्या एका प्रयोगात माकडांना संसर्ग झाल्यावर तिसऱ्या दिवशी औषध सुरू केलं. रक्तात विषाणू दिसलासुद्धा नव्हता. औषध थांबवल्यावर तो परत आला.

तरी लवकर सुरू करण्यानं फार फरक पडतो. लपलेला साठा लहान राहतो, आतड्यातल्या पेशी जास्त वाचतात, दाह कमी राहतो. फ्रान्समध्ये पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू केलेल्या १४ जणांनी नंतर औषध थांबवल्यावरही विषाणू वर्षानुवर्षं काबूत राहिला, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. हे वाचून कुणी गोळ्या थांबवू नका. बहुतेकांत तो काही आठवड्यांत परततो.

नवा_आयडी_०७ | मंगळवार, रात्री ११:५०

फक्त हे विचारायला आयडी काढला. ९ दिवस झाले, कंडोम फाटला होता. ताप नाही, काही नाही. रोज कपाळाला हात लावून बघतोय. उद्या तपासलं तर कळेल का? पुढच्या रविवारी आमच्या तालमीचं रक्तदान शिबिर आहे, त्यात आपोआप तपासणी होईल असं वाटलं. घरी कुणालाच माहीत नाही.

जुना_लॅबवाला | बुधवार, सकाळी ६:१०

भावा, लिहिलंस हे बरं केलंस.

आधी शिबिराचं. रक्तदान करू नकोस. तुझ्या रक्तात काही असेल तर ते आत्ता तपासणीत न सापडण्याचे दिवस आहेत, आणि ती पिशवी कुणाला तरी चढणार. काविळीच्या गोळ्या चालू आहेत म्हण, काहीही सांग, पण देऊ नकोस.

उद्या तपासलंस तर बहुतेक निगेटिव्ह येईल. त्याचा अर्थ आधीचं काही नव्हतं, एवढाच. या ९ दिवसांबद्दल ते काही सांगणार नाही. तरी जा, कारण पहिली नोंद होते आणि बोलायला माणूस मिळतो. पी२४ आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची तपासणी त्या प्रसंगापासून मोजून चार आठवड्यांनी कर, मग सहा आठवड्यांनी, आणि केंद्र सांगेल तशी तीन महिन्यांनी. मध्येच ताप, पुरळ, घसा असं काही झालं तर तारखेची वाट बघू नकोस. डॉक्टरांना दिवस मोजून सांग आणि पी२४ किंवा नॅटबद्दल विचार. तोवर कंडोमशिवाय संबंध नको.

एका वेळच्या प्रसंगात लागण होण्याची शक्यता कमीच असते, हेही मनात ठेव.

आजऱ्याची_लेक | बुधवार, सकाळी ७:४५

यात भर. असं काही घडलं तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी दवाखान्यात जाऊन पेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायचं औषध, मागायचं. २८ दिवसांच्या गोळ्या असतात. ०७, तुझी ती वेळ गेली, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण तालमीतल्या पोरांना हे सांग. १०९७ वर फोन कर, फुकट आहे, मराठीतून बोलतात.

आणि समजा पुढं पॉझिटिव्ह आलंच, तर त्याच आठवड्यात गोळ्या सुरू होतात, दिवसाला एक, मोफत. रक्तात विषाणू मोजण्याइतका उरला नाही की संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. लग्न होतं, मुलं होतात. माझ्याकडं येणाऱ्यांची मुलं शाळेत जातात.

जुना_लॅबवाला | बुधवार, सकाळी ८:२०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून सांगतो, ज्याच्यापासून धागा सुरू झाला तो मुलगा गोळ्या घेतोय. परवा घरी आला होता. पेट्रींचं आतड्याबद्दलचं त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "म्हंजे त्या तापात माझं अंग झोपलेलं नव्हतं." मी नाही म्हटलं. त्यावर बराच वेळ गप्प बसला होता.

नवा_आयडी_०७ | बुधवार, रात्री १०:०५

१०९७ ला फोन केला. बाई शांतपणे बोलल्या. शिबिराचं पोरांना कावीळ सांगितली. उद्या सकाळी सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, जातोय. काका, उपाशीपोटी जायचं का?

जुना_लॅबवाला | बुधवार, रात्री १०:११

नको, पोटभर खाऊन जा. या तपासणीला उपाशी लागत नाही. दसरा चौकाच्या बाजूच्या दारापाशी मी नऊला चहाला असतो. पांढरी टोपी, हातात पेपर. बोलायचं असलं तर बोल, नसलं तर तसाच पुढं जा.